साडूंचे काष्ठमौन

बायकोने मला डोंगरावर नेले ते पुण्य पदरात पडावे म्हणून नव्हे, हे गाडी साडूंच्या दारात थांबली तेव्हा माझ्या लक्षात आले. घरून निघताना ती म्हणाली होती, "आपण दोघंच जाऊ, शांतपणे." त्या 'शांतपणे'वर भाळून मी गाडीत बसलो होतो. आणि आता तिची थोरली बहीण आणि बहिणीचे यजमान पिशव्या घेऊन फुटपाथवर उभे होते.

"सरका हो पंडित," साडू म्हणाले आणि माझ्या शेजारी बसले.

साडूंना सगळे अण्णा म्हणतात. त्यांचे चष्म्याचे दुकान आहे. मी छापखान्यात मुद्रिते तपासायचो, म्हणून त्यांनी मला पंडित हे नाव ठेवले. त्यात आदर किती आणि चेष्टा किती हे मला अजून ठरवता आलेले नाही. ठरवता न येणे हा माझा जुना आजार आहे. त्याच आजारातून मी एक लहानसे पुस्तक लिहिले होते, स्याद्वादावर. कुठलीही गोष्ट एका बाजूने आहे, दुसऱ्या बाजूने नाही आणि तिसऱ्या बाजूने सांगताच येत नाही, असा आमच्या जैन धर्मातला तो विचार. जन्मभर कुठल्याच गोष्टीविषयी ठाम बोलू न शकलेल्या माणसाला तो फार जवळचा वाटला. एक प्रत मी अण्णांना दिली.

पुढे एकदा चष्म्याचा नंबर तपासायला मी त्यांच्या दुकानात गेलो. एक म्हातारे गृहस्थ खुर्चीत बसून हातातले पुठ्ठ्याचे कार्ड वाचत होते. अण्णा भिंगे बदलत होते. "आता दिसतं का?" अण्णांनी विचारले, आणि गृहस्थांनी मोठ्याने वाचले, "कदाचित आहे, कदाचित नाही, कदाचित आहे आणि नाही." "अहो, नक्की काय ते सांगा!" अण्णा ओरडले आणि सगळे दुकान हसले. त्या कार्डावर माझ्या पुस्तकाचे पान चिकटवलेले होते.

मी तिथूनच परत फिरलो. त्यानंतर अण्णांशी बोललो नाही, त्यांच्याकडे गेलो नाही, चष्मा दुसरीकडून करून घेतला. आता हे सांगताना संकोच वाटतो, पण माझा राग त्यांच्यापर्यंत पोहोचायला फार वेळ लागला. मी आधीही त्यांच्याशी विशेष बोलत नसे, त्यामुळे फरक दिसण्यासारखा नव्हता. शेवटी ताईंनीच, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीनेच, त्यांना सांगितले, की पंडित रागावले आहेत. मग तेही रागावले. "ज्या घरात ह्यांना मान नाही, तिथे मी पाय ठेवणार नाही," असे ताईंनी जाहीर केले, आणि तेव्हापासून दोघी बहिणी फक्त लग्नात आणि मयताला भेटत होत्या. आता पुढच्या महिन्यात अण्णा दुकान बंद करून लेकीच्या गावी कायमचे राहायला जाणार होते. ते गाव लांब. जाण्यापूर्वी बहिणीने एकदा आपल्या घरी यावे, आपल्या स्वयंपाकघरात बसावे, एवढेच माझ्या बायकोला हवे होते. त्यासाठी तिने अख्खा डोंगर कामाला लावला होता.

"वर देवासमोर दोघांनी एकमेकांची क्षमा मागायची," पुढच्या सीटवरून मागे न बघता ती म्हणाली. "मग आपण सगळे आपल्या घरी जाऊ."

"माझं काही नाही बुवा," अण्णा म्हणाले. "मी आत्ता मागतो."

"गाडीत नको. वर."

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. क्षमा करायला माझी ना नव्हती. राग केव्हाच विरला होता, उरली होती ती नुसती सवय. पण चार माणसांसमोर उभे राहून, तोंड उघडून, 'मी तुम्हाला क्षमा केली' असे वाक्य म्हणायचे? आणि वर त्यांचीही मागायची? कुठल्या शब्दांत?

पायथ्याला धर्मशाळा होती. तिथे चामड्याच्या वस्तू काढून ठेवायच्या आणि अनवाणी चढायचे. अण्णांनी बूट काढले, पाकीट काढले आणि मग त्यांच्या ध्यानात आले, की पट्टाही चामड्याचाच आहे. तोही गाडीत गेला. अण्णांचे पोट अलीकडे उतरले होते, पण पँट त्यांच्या भरभराटीच्या काळातली होती. ती एका हाताने धरून ते उभे राहिले.

"निघताना सांगितलं होतं सुती नाडीची घाला," ताई म्हणाल्या.

"वर देव पट्टा बघतो की भाव?"

"भाव बघेल. पँट बाकीचे बघतील."

धर्मशाळेच्या ओसरीवर एक वृद्ध साध्वीजी बसल्या होत्या. डोंगर चढण्यापूर्वी लोक त्यांच्यापुढे हात जोडून छोटासा नियम घेत होते. कोणी वर जाऊन येईपर्यंत पाणी सोडत होते, कोणी फोन. तिथे मला एकदम सुटकेची वाट दिसली. मी पुढे झालो आणि म्हणालो, "दर्शन होईपर्यंत मौन."

माझ्या बायकोने माझ्याकडे असे पाहिले की विचारू नका. पण साध्वीजींच्या समोर ती काय बोलणार?

इथेच थांबलो असतो तर सगळे ठीक झाले असते. साध्वीजींनी नियम द्यायला हात वर केला होता. पण आयुष्यभर छापील मजकुरात शंका काढलेला माणूस मी. तोंडातून निघून गेले, "नुसतं मौन, की काष्ठमौन?"

साध्वीजींचा हात तसाच राहिला. "तुम्हाला ठाऊक आहे?"

"वाचलं आहे." आणि विचारले नसताना मी मागच्या लोकांना समजावूनही सांगितले. नुसत्या मौनात खुणा चालतात, मान हलवता येते, लिहून दाखवता येते. काष्ठमौनात यातले काही नाही. लाकडासारखे राहायचे.

"इतकं जाणता, तर तेच घ्या," त्या प्रसन्नपणे म्हणाल्या, आणि मी हो-नाही म्हणायच्या आत नियम देऊन मोकळ्या झाल्या.

दोघी बहिणी झपाझप पुढे गेल्या. दोघींचे गुडघे एरवी दिवसभर बोलतात, पण त्या दिवशी एकमेकींशी बोलायचे इतके साठले होते, की गुडघ्यांना संधीच मिळाली नाही. मागे उरलो आम्ही दोघे साडू, एक लाकूड आणि एक पँट धरलेला माणूस.

"मौन?" अण्णा म्हणाले. "तुमच्यात फरक काय पडला पंडित?"

मी पायऱ्यांकडे पाहत चढत होतो. पायऱ्या मला नीट दिसत नव्हत्या. एक पायरी कुठे संपते आणि पुढची कुठे सुरू होते याचा अंदाज येईना. दोनदा पाय चुकला.

थोडा वेळ अण्णा गाडीभाडे, ऊन, लेकीच्या गावचे पाणी असे काहीबाही बोलत राहिले. मग एका वळणावर दम घ्यायला थांबले.

"एक सांगू? तुम्ही रागावलात हे मला कळलंच नव्हतं. मला वाटायचं, पंडित लिहिताहेत काहीतरी. हिने सांगितलं तेव्हा मी म्हटलं, छे! आणि का रागावलेत हे कळल्यावर तर मला हसूच आलं. तेच चुकलं. आधी हसलो मी."

मी गप्प. दुसरे करणार काय?

"अहो, ते कंपनीचं कार्ड होतं ना वाचायचं, ते वर्षानुवर्षं तेच. गिऱ्हाइकांना पाठ झालेलं. पाठ असलेलं घडाघडा म्हणून दाखवायचे आणि मग नवा चष्मा लागत नाही म्हणून भांडायला यायचे. मी पेपर लावून पाहिला. तोही तसाच. नेत्याचं नाव आलं की पुढे काय असणार हे डोळे मिटून सांगतात लोक. मला असं काहीतरी हवं होतं, की पुढचा शब्द काय येईल ते कुणाच्या बापाला ओळखता येऊ नये. खूप शोधलं. तुमच्या पुस्तकाइतकं चांगलं काही मिळालं नाही."

हे ऐकून मला काय वाटले ते नेमके सांगता येत नाही. माझ्या लेखनाविषयी इतके विचारपूर्वक मत त्याआधी कोणी दिले नव्हते.

"तुम्ही पुस्तक वाचलं का म्हणून विचाराल," अण्णा म्हणाले. मी विचारू शकत नव्हतो. "देवाच्या डोंगरावर खोटं कशाला बोलू? सुरुवातीलाच झोप लागली. पण ते एक पान मला तोंडपाठ आहे. रोज ऐकतो. एक मास्तर आले होते, कार्ड वाचून झालं तरी खाली ठेवीनात. म्हणाले, पुढे काय आहे? मी पुस्तकच दिलं त्यांना. परत नाही आणलं त्यांनी. म्हणजे आवडलं असणार."

किंवा हरवले असणार. मला हे म्हणावेसे वाटले. आणखीही पुष्कळ म्हणावेसे वाटले. जन्मात पहिल्यांदाच माझ्यापाशी बोलायला इतके काही होते, आणि साधी मान हलवायची सोय मी स्वतःच्या हुशारीने घालवून बसलो होतो.

माझा चेहरा लाकडासारखा ठेवण्याच्या खटपटीत बहुधा फारच कठोर झाला असावा. अण्णांचा आवाज उतरला.

"अजून राग आहे म्हणजे. असू दे. हक्क आहे तुमचा." "ही तुमच्या घरी यायचं म्हणते हो. रात्रंदिवस तेच. लेकीकडे गेल्यावर पुन्हा कधी यायला मिळेल, कुणास ठाऊक. माझ्यापायी तिला का शिक्षा?"

मग त्यांनी हात जोडायला घेतले. एक हात पँटवर असल्याने ते जमेना. इकडेतिकडे पाहून ते एका पायरीवर बसले, म्हणजे पँट जागच्या जागी राहणार होती, आणि मग त्यांनी दोन्ही हात जोडले. "मिच्छामि दुक्कडं," ते म्हणाले. माझ्या हातून जे वाईट घडले ते निष्फळ होवो. एरवी आम्ही ते शब्द नातेवाइकांना सरसकट वाटतो. अण्णांनी ते एकट्या मला म्हटले.

मी समोर उभा. त्यांच्याकडे पाहिले तर डोळ्यांत काही दिसेल आणि ती खूण होईल, म्हणून मी दूर झाडाकडे पाहत राहिलो.

चढणारी माणसे आमच्याभोवती अडली. एक बाई म्हणाल्या, "अहो, एवढे वयस्कर गृहस्थ हात जोडताहेत, माफ करा की त्यांना! डोंगरावर आलात ना?"

"बोलायलाही तयार नाहीत बघा," दुसरी कोणी म्हणाली. "काय हा अहंकार!"

एका भाविक गृहस्थांचा वेगळाच समज झाला. त्यांनी मला वाकून नमस्कार केला आणि आशीर्वाद मिळतो का म्हणून क्षणभर वाट पाहिली. तोही मिळाला नाही. वरून दोघी बहिणी खाली बघत होत्या. माझ्या बायकोने कपाळावर हात मारल्याचे मला माझ्या चष्म्यातूनही दिसले.

अण्णा उठले, पँट धरली आणि पुढे काही न बोलता चढू लागले. अण्णा गप्प झाल्यावर तो डोंगर भलताच उंच वाटायला लागला.

वर देवळात गर्दी होती. संगमरवरी मूर्ती डोळे उघडे ठेवून शांत बसली होती. लोक स्तोत्रे म्हणत होते. मी मनातल्या मनात वाक्य तयार करत होतो. 'अण्णा, माझा राग केव्हाच गेला आहे.' यात 'केव्हाच' म्हटले तर मग इतकी वर्षे गप्प का, असे होते. 'अण्णा, चूक माझीही आहे.' यात 'ही' बरा दिसत नव्हता. तो काढला तर सगळी चूक माझी, आणि ते खरे वाटत नव्हते, म्हणजे एका बाजूने. असे वाक्य खोडत आणि लिहीत मी मूर्तीसमोर जरूरीपेक्षा जास्त वेळ उभा राहिलो. पाहणाऱ्यांना माझी तंद्री लागली आहे असे वाटले असेल.

वाक्य पक्के करून मी बाहेर आलो आणि पाहतो तो काय, आवारातल्या झाडाखाली एका मुनींसमोर अण्णा हात जोडून बसलेले. पँटला आता पिशवीची दोरी बांधलेली होती.

"माझ्या साडूंनी खाली जे घेतलं तेच द्या," ते म्हणत होते. "लाकडाचं. त्यांनी दर्शनापर्यंत घेतलं, मला घरी पोहोचेपर्यंत द्या."

मी धावलो. माझ्या वयाचा माणूस जितका धावू शकतो तितका. "अण्णा!" माझे मौन संपलेले होते, आवाज निघाला. पण मुनींचे शब्दही त्याच वेळी संपले. अण्णांनी माझ्याकडे वळून पाहिले. चेहऱ्यावर काही नाही.

"अहो, हे काय केलंत?" ताई म्हणाल्या. अण्णा गप्प. "घराची किल्ली कुणाकडे आहे?" अण्णा गप्प. "देवा, हे घरापर्यंत असंच?"

"दोघांच्या दोन तऱ्हा," माझी बायको मला म्हणाली. "आता बोला. मौनच हवं होतं ना तुम्हाला?"

उतरताना पुन्हा त्या दोघी पुढे आणि आम्ही मागे. मी तयार केलेले वाक्य म्हटले. अण्णा खांबासारखे. मी त्यातली चूक दुरुस्त करून पुन्हा म्हटले. तरी खांबासारखे. मी 'मिच्छामि दुक्कडं' म्हटले, तेव्हा ते दूर झाडाकडे पाहू लागले, बहुधा त्याच झाडाकडे. आपण किती भयंकर दिसत असू, याची मला तेव्हा कल्पना आली.

पण मग एक विचित्र गोष्ट झाली. समोरचा काही बोलणार नाही, टोकणार नाही, हसणार नाही, अशी खात्री झाल्यावर माझी जीभ सुटली. मी छापखान्यातले सांगितले. शाईच्या वासाने डोके कसे चढायचे ते सांगितले. पुस्तक लिहिताना रोज ते जाळावेसे वाटायचे, हे बायकोलाही न सांगितलेले सांगितले. "तुमचं हसणं फार मोठं आहे अण्णा," असेही म्हणालो, "माणूस त्यात बुडून जातो." त्या पानावरचे वाक्य फार लांबले आहे, हे मला छापून आल्यावर कळले होते आणि दुकानात म्हातारबोवांनी ते वाचले तेव्हा मी हसण्यावर चिडलो की वाक्यावर, हे मला अजून सांगता येत नाही, हेही सांगून टाकले. इतके मी कुणाशीच बोललेलो नाही.

एक गोष्ट मात्र मी बोललो नाही. 'घरी या.' दर वळणावर ते ओठांवर येई. मग वाटे, आत्ता म्हणून उपयोग काय, त्यांना उत्तर देता येणार नाही. आणि उत्तर 'नाही' असेल तर? ते नंतर ऐकावे लागेल.

उतरताना माझा पाय तीनचारदा चुकला. दर वेळी अण्णांनी माझा दंड पकडला. ही खूण धरायची की नाही याचा मी विचार केला आणि पडणाऱ्याला धरणे हे काही बोलणे नव्हे, असे ठरवले. शेवटी शेवटी त्यांनी दंड सोडलाच नाही.

परतीच्या रस्त्यावर आमचे घर आधी लागते. गाडी दारात थांबली. माझी बायको उतरली आणि ताईंच्या बाजूचे दार उघडून उभी राहिली. तोंडाने 'ये' म्हणायचे तिला धाडस होईना. ताईंनी वळून नवऱ्याकडे पाहिले. अण्णा समोर पाहत होते. 'हो' नाही, 'नाही'ही नाही. मान हलवायची नव्हती. ताईंचा हात पिशवीच्या बंदावर होता, तो तिथेच थांबला.

मग दोघी माझ्याकडे पाहू लागल्या. गाडीवालाही आरशातून पाहू लागला.

डोंगर उतरताना इतके बोलणारा मी, दोन शब्दांसाठी अडलो. वाक्य तयार करायला वेळ नव्हता.

"अण्णा," मी म्हणालो, "घरी चला."

अण्णा हलले नाहीत. मी खाली उतरून, वाकून त्यांचा दंड धरला, त्यांनी माझा धरला होता तसाच. ते उतरले. दोरी बांधलेली पँट सावरत, माझ्या आधाराने की मी त्यांच्या आधाराने कोण जाणे, आम्ही जिना चढलो. मागून ताईंच्या पावलांचा आवाज आला.

अण्णा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. स्वयंपाकघरात दोघी बहिणी शिरल्या. सुरुवातीला आतून रडण्याचा आवाज आला, मग हसण्याचा आणि चहा उकळायच्या आत भांडणाचा.

"डबे इथे कोण ठेवतं? हात पोचतो तरी का तुझा?"

"ताई, माझं घर आहे, माझे डबे आहेत."

"म्हणून काय स्टुलावरून पडायचं?"

"इतकी वर्षं नाही पडले!"

"इतकी वर्षं मी नव्हते ना बघायला!"

माझ्या बायकोने एवढ्या वर्षांत जे मागितले होते ते तिला मिळाले होते. डबे जागा बदलत असल्याचा आवाज बाहेर ऐकू येत होता.

अण्णांनी ते सगळे ऐकून घेतले. मग पँटची दोरी सैल केली, पाय लांब केले आणि मोठ्याने म्हणाले, "पंडित, नंबर वाढलाय तुमचा."

आतले भांडण थांबले. ताई धावत दारात आल्या. "अहो! घरी पोहोचेपर्यंत म्हणाला होतात ना? मोडलंत?"

"मोडलं कुठे?" अण्णा म्हणाले. "पोहोचलो की."

ताई पदर डोळ्याला लावून आत गेल्या. माझ्याही मनात काहीतरी हलले. पण खरे सांगायचे तर मला तेव्हाही शंका आली आणि अजून आहे. अण्णांनी आमच्या घराला घर म्हटले ते मनापासून, की इतका वेळ गप्प बसणे जिवावर आले होते आणि हे पहिलेच घर होते? कदाचित हे. कदाचित ते. कदाचित दोन्ही.

"कुणी दिला हा चष्मा तुम्हाला?" त्यांनी माझ्या नाकावरून तो काढून उजेडात धरला. "पायरी न् पायरी चुकत होतात. हा नंबर तुमचा नाहीच. आणि भिंगं उलटीसुलटी बसवली आहेत गाढवाने. उद्या दुकानात या. बंद करायच्या आत शेवटचा चष्मा तुमचा करून टाकतो."

"येतो," मी म्हणालो. मग विचारले, "वाचायला काय देणार?"

"दुसरं आहे काय माझ्याकडे?" अण्णा म्हणाले आणि हसले. ते हसणे जिन्यापर्यंत गेले असावे.

दुसऱ्या दिवशी मी त्या खुर्चीत बसलो. पुठ्ठ्याच्या कडा वापरून मऊ पडल्या होत्या आणि पानावर किती जणांच्या अंगठ्यांचे डाग होते. अण्णांनी भिंग घातले.

"आता दिसतं का?"

मी वाचायला सुरुवात केली. पुढचा शब्द काय येणार, ते मलाही आठवत नव्हते.